दिवाळीत तापोळ्याला अख्खं कुटुंब घेऊन बोटिंग : काठावर उभं राहून नेमकं काय बघायचं?

मृणाल_कोथरूड

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लहानथोर मिळून अकराजण महाबळेश्वरला चाललोय. एक संध्याकाळ वेण्णा लेक आणि एक अख्खा दिवस कोयनेच्या बॅकवॉटरवरचं तापोळा, तिथून लाँचने दत्तमंदिर आणि त्रिवेणी संगम, असा बेत आहे. वासोट्याचा किल्ला नाही, सासूबाईंचे गुडघे ऐकणार नाहीत. त्या सत्तरीच्या आहेत आणि बाहेर जाताना साडीच नेसतात. मुलांत एक चार वर्षांचा, एक दीड वर्षाची. शिवाय दोन दीर. दोघांनाही पोहता येतं, त्यामुळे लाइफ जॅकेट घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

मे महिन्यात दुसऱ्या एका तलावावर (नाव घेत नाही) गेलो होतो. हातात दिलेल्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं. बदलून मागितलं तर उत्तर आलं, "नुसतं अडकवा हो, फोटोपुरतं." बोटीत किती माणसं कोंबायची याला काही धरबंध नव्हता. मी बसायला नकार दिला, सगळे माझ्यामुळे परत फिरले, आणि घरी पोचेपर्यंत मी बोलणी खाल्ली. या वेळी वाद घालायचा तर मुद्द्यानिशी घालायचा आहे.

तर गर्दीच्या दिवशी धक्क्यावर उभं राहून काय काय बघायचं? काय दिसलं की सरळ मागे फिरायचं? "काळजी घ्या" एवढंच कृपया कुणी लिहू नका.

सह्यकडा

ताई, उगाच घाबरताय. आमचा ग्रुप दर थंडीत बामणोलीहून वासोट्याला जातो. लाँच दीडेक तास चालते, पण कधी काही झालेलं नाही. तिथल्या नावाड्यांचा जन्म पाण्यावर गेलाय, कोपरा न् कोपरा ठाऊक असतो त्यांना. त्यांच्यावर सोडा आणि मजा करा. जॅकेटमध्ये घामाने जीव नकोसा होतो, हे तुमच्या दिरांचं म्हणणं मला तरी पटतं.

जावळीकर

सह्यकडा साहेब, आमच्या माणसांचं कौतुक केलंत, बरं वाटलं. माझं गाव कोयनेच्या बॅकवॉटरला, जावळी तालुक्यात. आता पोटासाठी वाशीच्या मार्केटात माथाडी आहे, पण उमेदीची वर्षं चुलत्याच्या लाँचवर गेली. धरण झाल्यावर आमच्या भागातले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हापासून लाँच म्हणजे आमची एसटी. शाळेची पोरं, बाजारची पोती, अडलेली बाळंतीण, लग्नाचं वऱ्हाड, सगळं पाण्यावरून. गाड्या तराफ्यावरून. त्यामुळे नावाड्याला पाणी कळतं यात वाद नाही.

पण ताईंनी विचारलंय ते गर्दीच्या दिवसाबद्दल. आणि गर्दीच्या दिवशी नावाड्याचा एक डोळा धक्क्यावरच्या रांगेवर असतो. त्याला बोल लावत नाही मी. पावसाळाभर धंदा बंद, दिवाळी, नाताळ आणि मे हीच त्याची सुगी. तुम्ही म्हणालात की "आम्ही सगळे एकाच बोटीत बसतो, घ्या अ‍ॅडजस्ट करून," तर तो नाही म्हणत नाही. पुढची फेरी त्याला दिसत असते. नाही म्हणायचं काम गिऱ्हाइकाचं, आणि तेही पाय बोटीत टाकायच्या आधी. पाण्याच्या मध्यात गेल्यावर कुणाचंच काही चालत नाही.

पहिलं म्हणजे माणसं मोजा. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 मध्ये देशांतर्गत पाण्यातल्या बोटींचा नवा कायदा आलाय. इंजिनाच्या बोटीला नोंदणी लागते, तपासणी लागते, नंबर दिसेल असा लावावा लागतो. प्रवासी किती घ्यायचे तेही ठरलेलं असतं. नंबर शोधा, आकडा विचारा. "बसतात की वीसेक" असं उत्तर आलं तर समजून जा. आणि मांडीवरचं पोर हेही माणूसच, ते मोजायचं. आपल्याकडे पोरं कुणी धरतच नाही हिशेबात. बडोद्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला शाळेची सहल बुडाली, 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत मावतील त्याहून जास्त पोरं भरली होती आणि कित्येकांच्या अंगात जॅकेटच नव्हतं. तुम्ही अकराजण आहात, बोट मोठी नसेल तर सरळ दोन करा. पैसे जास्त जातील, जाऊ देत.

लाँचमध्ये सगळे बसले की कडेवरून वाकून बघा. हात सहज खाली सोडल्यावर बोटं पाण्याला लागत असतील तर बोट भरली आहे, मग आकडा काही का असेना. लगेच दोघा-तिघांनी उतरायचं. फळ्यांखाली तळात पाणी किती आहे तेही बघा. थोडं असतंच. पण खलाशी निघायच्या आधीपासून डब्याने उपसत बसलाय आणि पाणी सरत नाही, अशी बोट सोडा, पुढची धरा.

आता जॅकेट. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण लोक नुसता रंग बघतात. हातात घेऊन दाबा. आतला फोम दाबल्यावर परत फुगायला पाहिजे. वर्षानुवर्षं त्यावर माणसं उशी करून बसतात, मग तो चपाती होऊन जातो आणि तरंगवायचं बळ जातं. शिवण उसवलेली असेल तर ओलं होऊन जड झालेलं असतं. मग बक्कल: टक्क आवाज आला पाहिजे, आणि लावल्यावर दोन्ही हातांनी ओढून बघायचं. चेन असली तरी खरा भार पट्ट्यांवर असतो, पट्टे ओढून आवळा. शेवटी दुसऱ्या कुणाला तरी खांद्यापाशी धरून जॅकेट वर खेचायला सांगा. ते हनुवटीच्या वर, कानापर्यंत सरकलं तर पाण्यात माणूस खाली राहणार आणि जॅकेट वर. पोरांच्या बाबतीत नेमकं हेच होतं. मोठ्याचं जॅकेट चार वर्षांच्या पोराला घालून आई खूश, आणि ते पोर दोन्ही हात वर करून त्यातून खाली निसटू शकतं. लहानांच्या जॅकेटला मांड्यांच्या मधून जाणारा पट्टा असतो, तो असलेलंच घ्या. आमच्याकडे सगळ्या मापांची मिळतीलच अशी खात्री मी देणार नाही. दोन्ही पोरांची पुण्यातूनच घेऊन या, आत किलोत वजन छापलेलं असतं ते बघून.

तुमच्या दिरांना माझा निरोप द्या. पोहता येणं निराळं आणि कपड्या-बुटांसकट, डोक्याला बोटीची कड लागलेली असताना, कुणीतरी गळ्याला मिठी मारलेली असताना पोहणं निराळं. शिवसागर, म्हणजे आमचं हे कोयनेचं बॅकवॉटर, काही गावची विहीर नाही. कडेला चिखल, खाली बुडालेल्या झाडांचे बुंधे, काठ दिसतो जवळ पण असतो लांब. बोट उलटली तर बोटीला धरून राहायचं. उलटी झालेली लाकडी किंवा फायबरची बोट बहुतेक वेळा तरंगत राहते, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्याआधी तीच दिसते.

वारा. उजनी धरणात मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी बोट उलटली, सहाजण गेले. संध्याकाळी अचानक वादळी वारा सुटला होता. मे महिन्यात वळीव, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस, दोन्ही बहुतेक दुपारनंतरचे. म्हणून सकाळी जा. नऊला पाण्यावर असा, बाराच्या आत उतरा. लांबवर पाण्याचा एक पट्टा अचानक काळपट होऊन सरकत येताना दिसला, गार झुळूक आली, की वारा आलाच. खोऱ्यात तो चिंचोळ्यातून घुसतो, लाटा लहान पण उभ्या येतात. शहाणा नावाडी अशा वेळी सरळ काठाच्या आडोशाला जातो आणि थांबतो. तेव्हा "भाऊ, आमच्या हॉटेलचं चेकआउट आहे" म्हणून त्याच्या मागे लागू नका. वासोट्याहून परतणारे ग्रुप हेच करतात, सह्यकडा साहेब. गडावर रेंगाळायचं आणि उतरल्यावर लाँचवाल्याला पळवायचं.

बोटीत उभं राहायचं नाही, आणि सगळ्यांनी एका बाजूला जायचं नाही. केरळात थेक्कडीला 30 सप्टेंबर 2009 ला जलकन्यका नावाची दुमजली बोट गेली, 45 माणसं मेली. काठावरची जनावरं बघायला लोक एका कडेला धावले होते. आमच्याकडे गवा दिसला की हेच होतं, आणि आता सेल्फी. तापोळ्याला त्यात स्पीडबोटींची भर. एक शेजारून गेली की तिची लाट तुमच्या बगलेत येते. नावाडी नाक थोडं तिरकं करून लाट कापतो, तेवढा वेळ नुसतं बसून कड धरायची, ओरडून उठायचं नाही.

वेण्णाबद्दल एकच सांगतो. तलाव लहान आहे, 1842 चा, साताऱ्याच्या महाराजांनी बांधलेला. पण सुट्टीत तिथे वल्ह्याच्या आणि पायडलच्या बोटी एकमेकींना खेटून असतात. दोन बोटी आपटतात तेव्हा कडेवर ठेवलेली बोटं चेंगरतात, विशेषतः पोरांची. हात आत. आणि मध्ये जाऊन "आता मी वल्हवतो" म्हणून जागा बदलायची नाही, ते काठाला येऊन करायचं.

मिरजेची_डॉक्टर

जावळीकरांनी बोटीचं सांगितलं, मी माणूस पाण्यात पडल्यानंतरचं सांगते, कारण तिथे चुका होताना मी बघते.

बुडणारा माणूस हात हलवत "वाचवा" म्हणत नाही. ओरडायला श्वास लागतो, तोच त्याच्याकडे नसतो. तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली होतं, मान मागे पडते, हात बाजूला पाणी दाबत राहतात. आवाज नाही. लहान मूल तर मिनिटभरात खाली जातं. म्हणून प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस नावानिशी ठरवा. "सगळे बघताहेत" म्हणजे कुणीच बघत नाही, हे लग्नाच्या घरात आपण सगळ्यांनी अनुभवलंय. आणि त्या माणसाच्या हातात फोन नको.

कुणी पडलं तर मागोमाग उडी टाकू नका. वल्हं पुढे करा, दोरी टाका, ओढणी टाका, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅनसुद्धा टाकता येतो, धरून तरंगायला पुरतो.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, पालथं घालणं, मुलाचे पाय धरून गरगर फिरवणं, हे सगळं बंद. त्याने पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या. बुडण्यात श्वास आधी. मग छातीच्या मध्यावर 30 वेळा दाबा, दोन श्वास, पुन्हा 30. एकजण हे करत असताना दुसऱ्याने 108 किंवा 112 ला फोन लावायचा. त्या खोऱ्यात रेंज सगळीकडे मिळत नाही, तेव्हा निघतानाच नावाड्याला विचारून ठेवा की रेंज कुठे येते आणि जवळचा दवाखाना कुठला.

आणि शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी हॉस्पिटलला न्यायचंच. खोकला राहिला असेल, धाप लागत असेल तर अजिबात वाट बघू नका.

ऑस्टिनकर

मी टेक्सासमध्ये असतो. इथे लेक ट्रॅव्हिसवर सुट्टीच्या शनिवारी इतक्या मोटरबोटी असतात की वारा नसतानाही दुपारी पाणी खवळलेलं असतं, नुसत्या एकमेकींच्या लाटांनी. इथे 26 फुटांपेक्षा लहान बोट चालू असताना 13 वर्षांखालच्या मुलाच्या अंगात जॅकेट असलंच पाहिजे, जवळ असून भागत नाही. दारू पिऊन बोट हाकली तर गाडीसारखीच केस.

तापोळ्याला तुम्ही स्पीडबोटीत किंवा जेटस्कीवर बसणार असाल तर एक गोष्ट बघा. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक लाल, बहुधा पिळाची दोरी अडकवलेली असते. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या खटक्याला. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर रिकामी बोट गोल गोल फिरत पाण्यातल्या माणसांवर येते, पंख्यासकट. अमेरिकेत एप्रिल 2021 पासून लहान बोटींवर ही दोरी लावणं सक्तीचं आहे. मागच्या वर्षी भारतात आलो होतो तेव्हा एका ठिकाणी ती सुकाणूच्या चाकाला गुंडाळून ठेवलेली दिसली. मी नुसतं "दादा, ती हाताला लावा ना" म्हणालो, त्याने हसून लावली. कुणी सांगत नाही म्हणून लावत नाहीत, बाकी काही नाही.

आणि स्पीडबोटीच्या पुढच्या टोकावर पाय सोडून कुणाला बसू देऊ नका. फोटो छान येतो, पण लाट लागली की माणूस थेट बोटीखाली.

सह्यकडा

जावळीकर, गडावर रेंगाळायचं म्हणालात ते अगदी आमचंच वर्णन आहे. या डिसेंबरला घड्याळ लावून उतरू. जॅकेटच्या घामाचं मात्र मी मागे घेत नाही.

मृणाल_कोथरूड

सगळ्यांना खूप धन्यवाद. जावळीकरांचं उत्तर घरच्या ग्रुपवर टाकलं. मोठ्या दिराने आंगठा दाखवलाय, धाकटा अजून गप्प आहे. मुलांची जॅकेटं आज मागवते.

दोन शंका राहिल्या. सासूबाई साडी सोडणार नाहीत, मग जॅकेट कसं घालायचं? आणि दीड वर्षाच्या मुलीला मी पोटाशी बांधायच्या झोळीत घेतलं तर चालेल का? तशी ती शांत राहते.

जावळीकर

ताई, झोळी नको. जमिनीवर ठीक, बोटीत नाही. तुम्ही पाण्यात पडलात तर पोर तुमच्या पोटाशी बांधलेलं, तोंड पाण्याकडे, आणि सोडवायला तुम्हाला दोन हात लागणार. तिचं जॅकेट तिला घाला आणि मांडीवर नुसतं हाताने धरा. आणि खरं विचाराल तर एवढ्या लहान पोराला दत्तमंदिर बघून काय करायचंय? एकाने तिला घेऊन काठावर थांबावं, दुसऱ्या फेरीला अदलाबदल. माझी बायको असंच करते. आधी तोंड फुगवते, मग चहा पीत बसते.

सासूबाईंचं सोपं आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या लुगड्यातच लाँचला चढतात. पदर पुढे घेऊन कमरेला खोचायचा, शाल-स्वेटर जे असेल ते आत आणि जॅकेट सगळ्यांच्या वरून. जॅकेटवर शाल घेतली तर बक्कल सापडत नाही. पदराचं टोक लोंबतं ठेवायचं नाही, चढता-उतरताना खिळ्यात नाहीतर कुणाच्या पायाखाली अडकतं. आणि चपला हातात. दिवाळीला पाणी वरपर्यंत असतं, म्हणजे मेमधल्यासारखा चिखल तुडवत जावं लागत नाही, पण पायऱ्यांना शेवाळ असतं.

पडझड होते ती जास्त करून चढता-उतरताना. बोट धक्क्याला दोरीने बांधलेली आहे का बघा, नुसती पायाने रेटून धरलेली असेल तर थांबा, बांधायला सांगा. सासूबाईंना आधी चढवा, मध्यभागी खाली बसवा, मग बाकीचे. उतरताना त्या शेवटी. एक माणूस बोटीत, एक धक्क्यावर, आणि धरायचं ते मनगटाला धरायचं, तळवा घामाने सुटतो. गुडघ्यांमुळे त्या पाय उचलायला वेळ घेतील, तेवढ्यात मागचे "चला, चला" करतील. करू देत.

धाकट्या दिराला सांगा, जॅकेट नसेल तर लाँच निघणार नाही असं नावाड्यालाच आधी कानात सांगून ठेवलंय. आणि खरंच सांगून ठेवा. गिऱ्हाइकाने असं सांगितलेलं त्याला आवडतं, त्याचा वाद वाचतो.

जेवायची ऑर्डर सकाळी बोटीत बसायच्या आधी देऊन ठेवा. दिवाळीत तापोळ्याला दुपारी एकनंतर कुठेच जागा मिळत नाही.